वेस्टमिन्स्टर पुलापलीकडचा कंदील

लंडनला जाणारा प्रवासी केव्हा ना केव्हा वेस्टमिन्स्टर पुलावर येऊन उभा राहतोच. थेम्सच्या पश्चिम तीरावर ब्रिटिश संसदेची इमारत आणि बिग बेनचे घड्याळ. ते दोन्ही छायाचित्रात नीट बसावे म्हणून सारेजण त्या दिशेला तोंड करून उभे असतात. पुलाच्या दुसऱ्या टोकाकडे फारसे कुणी वळून पाहत नाही. तेथे, पूल उतरताच उजव्या हाताला, सेंट थॉमस रुग्णालय आहे. मे महिन्यात मुलाकडे गेले असताना लंडनमध्ये सर्वांत आधी काय पाहायचे, असे त्याने विचारले आणि मी या रुग्णालयाचे नाव सांगितले. तो हसून म्हणाला, "आई, चौतीस वर्षं दवाखान्यात काढलीस, आता इथं येऊनही दवाखानाच बघायचा?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. महाराष्ट्रातील एका जिल्हा रुग्णालयात मी अधिपरिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. आमच्या पिढीतील परिचारिकेला सेंट थॉमसचे आवार म्हणजे तीर्थक्षेत्रच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली आपली परिचर्या शाळा सुरू केली ती याच रुग्णालयात. तेव्हा ते लंडनच्या दुसऱ्या भागात होते. १८७१ मध्ये ते आजच्या जागी, नदीकाठी आले. जुन्या इमारतीचे काही भाग अजून उभे आहेत. लांबट वॉर्ड, दोन्ही भिंतींना समोरासमोर उंच खिडक्या, दोन खाटांमध्ये मोकळी जागा. हवा आरपार खेळली पाहिजे आणि सिस्टरला एका नजरेत सगळे रुग्ण दिसले पाहिजेत, हा त्या बांधणीमागचा नाइटिंगेलबाईंचा आग्रह. आपल्याकडच्या जुन्या सरकारी रुग्णालयांतील वॉर्ड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रचना लगेच ओळखीची वाटेल.

काचेआडचा दिवा

रुग्णालयाच्या आवारातच नाइटिंगेल संग्रहालय आहे. आकाराने लहान, तासाभरात पाहून होईल असे. त्यांचा औषधांचा पेटारा तेथे आहे, त्यांनी पाळलेले छोटे घुबड पेंढा भरून ठेवलेले आहे. पण माझे पाय एका काचेच्या कपाटापाशी थबकले. त्यात क्रिमियन युद्धाच्या काळातला दिवा ठेवला होता.

परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या प्रत्येकीला तो दिवा ठाऊक असतो. पहिल्या वर्षी शपथविधी होतो. पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी आणि हातात पेटता दिवा घेऊन मुली ओळीने उभ्या राहतात आणि सेवेची शपथ घेतात. माझ्या हातातला दिवा चोचीचा होता, अल्लाउद्दीनच्या गोष्टीतल्या चित्रात असतो तसा. माझी आई त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती. काचेआड मात्र निराळीच वस्तू होती. तो तुर्की फानूस होता. वर-खाली पितळ आणि मध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखे चुण्यांचे आवरण, दाबले की मिटणारे. वाऱ्यापासून ज्योत राखणारा, हातात धरून मैलभर चालता येईल असा कामाचा कंदील. चोचीचा दिवा चित्रकारांनी त्यांच्या हाती दिला आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तोच धरून शपथा घेतल्या.

चूक तशी किरकोळच. पण पुढच्या दालनांत जसजशी गेले, तसतसे जाणवू लागले की दिव्याबरोबर त्यांची गोष्टही आम्ही अर्धीच ऐकली होती.

आम्हांला शिकवलेली गोष्ट अशी. १८५४ च्या नोव्हेंबरात नाइटिंगेल ३८ स्त्रियांना घेऊन आजच्या इस्तंबूलमधील स्कुटारी येथे लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्यांनी रात्रंदिवस सेवा केली आणि जखमी सैनिकांचे प्राण वाचवले. यातली सेवा खरी आहे. पण त्या हिवाळ्यात, त्या तेथे असतानाही, मृत्यू वाढतच गेले. रुग्णालय होते एका जुन्या बरॅकमध्ये. खाली तुंबलेली गटारे, वर कोंदट हवा आणि दाटीवाटीने निजवलेले रुग्ण. १८५५ च्या मार्चमध्ये सरकारने पाठवलेले स्वच्छता पथक आले. त्यांनी गटारे उपसली, हवा खेळती केली आणि मग मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. अहोरात्र जागून जे थांबले नव्हते, ते व्यवस्था बदलल्यावर थांबू लागले.

मायदेशी परतल्यावर नाइटिंगेल यांनी हे सारे आकड्यांनिशी मांडले. १८५८ मधली त्यांची प्रसिद्ध वर्तुळाकार आकृती संग्रहालयात पाहायला मिळते. महिन्यागणिक एक पाकळी. निळ्या रंगात टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू, लाल रंगात जखमांचे. निळ्या पाकळ्या इतक्या मोठ्या की लाल रंग त्यांच्यापुढे नाममात्र दिसतो. सेवेच्या मूर्तीखाली झाकली गेलेली ही बाई मुळात मोजणारी बाई होती.

आणखी एक गोष्ट शाळेत आम्हांला फारशी सांगितली गेली नाही. १८५५ च्या मे महिन्यात त्या स्वतः तापाने अंथरुणाला खिळल्या. युद्धानंतर त्या लंडनला परतल्या त्या पूर्वीच्या उरल्या नव्हत्या. पुढची अनेक वर्षे त्यांनी बहुतांशी खोलीत, अंथरुणावर काढली. तो ब्रुसेला जंतूचा जुनाट संसर्ग असावा असे काही अभ्यासक म्हणतात, तर काही अतिश्रमाने खचलेल्या मनाकडे बोट दाखवतात. १९१० मध्ये, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या अंथरुणावरूनच त्यांनी भारतातील आरोग्यावर प्रचंड लेखन केले. हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवता पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. सेवेच्या सर्वांत तेजस्वी प्रतीकालाही सेवेची किंमत शरीराने मोजावी लागली होती.

त्या निळ्या पाकळ्यांसमोर मी बराच वेळ उभी राहिले. मुलाला वाटले, मी आकृती समजून घेत आहे. मला मात्र एक वेगळाच आकडा आठवत होता. माझ्या हाताने लिहिलेला.

सतरा नंबरची खाट

नव्वदच्या दशकातला श्रावण होता. पुरुषांचा शस्त्रक्रिया विभाग. खाटा चाळीस आणि रुग्ण अठ्ठावन्न. उरलेले जमिनीवर गाद्या टाकून. रात्रपाळीला आम्ही दोघी सिस्टर. त्यात एस.टी.चा अपघात झाला आणि दुसरीला अपघात विभागात बोलावून घेतले. मी एकटी उरले. बदली न आल्यामुळे माझी रात्रपाळी सलग तिसऱ्या आठवड्यात गेली होती. घरी दोन वर्षांचा मुलगा. दिवसा झोप अशी नव्हतीच.

सतरा नंबरच्या खाटेवर एक वृद्ध शेतकरी होते. सकाळी पोटाची शस्त्रक्रिया झालेली. दर दोन तासांनी नाडी आणि रक्तदाब लिहायचा, असा आदेश. बारा वाजता मी नाडी मोजली. थोडी वाढलेली होती. त्यानंतर त्यांनी मला तीन-चार वेळा हाक मारली. "बाई, जरा इकडं या. जीव घाबरा होतोय. तहान लागलीया." मी सलाईन लावता लावता लांबूनच म्हणाले, "आजोबा, झोपा आता. सगळ्यांचंच दुखतंय." मी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

दोन वाजता तक्ता भरायची वेळ आली. मी टेबलापाशीच बसून ओळीने आकडे लिहिले. सतरा नंबरच्या रकान्यात ९२ लिहिले. नाडीला हात न लावता.

चार वाजता मावशी धावत आल्या. "सिस्टर, सतरा नंबरचं अंग गार लागतंय." मी पोहोचले तेव्हा घामाने चादर भिजली होती आणि नाडी बोटांखाली धाग्यासारखी पळत होती. पोटात रक्तस्राव होत होता. तहान, घाबरणे, अस्वस्थता ही त्याचीच लक्षणे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही ती पाठ असतात. डॉक्टर आले, रक्त मिळाले आणि पहाटे पुन्हा शस्त्रक्रिया झाली. आजोबा वाचले.

सर्जननी तक्ता हातात घेतला आणि म्हणाले, "दोन वाजेपर्यंत तर नाडी ठीक होती. जे झालं ते त्यानंतरच." मी गप्प राहिले. दहा दिवसांनी आजोबा घरी निघाले, तेव्हा त्यांच्या मंडळींनी माझ्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी ठेवली. "बाई, तुम्ही रातभर जागल्या म्हणून धनी वाचलं," असे म्हणाल्या. त्या शेंगा मी घरी नेल्या नाहीत.

चूक माझी होती. थकवा हे तिचे कारण असेल, पण तिचे समर्थन नव्हे. तरीही त्या काळात मला जे कळत नव्हते, ते आज सांगितले पाहिजे. मला वाटत होते, आपण मुळातच वाईट माणूस झालो आहोत. आपल्यातली माया आटली आहे. या अवस्थेला काही नाव असते, हे मला ठाऊक नव्हते.

झिजते ते काय?

त्या अवस्थेला आज जगभर बर्नआउट म्हणतात. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा शब्द सेवाक्षेत्रातील माणसांच्या संदर्भात वापरला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तो मोजण्याची पद्धत घडवली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे स्वरूप स्पष्ट केले. बर्नआउट हा आजार नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने येणारी ती स्थिती आहे. तिची लक्षणे तीन. शक्ती संपून गेल्याची जाणीव. कामापासून मनाने दूर जाणे, त्याविषयी कडवटपणा येणे. आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना.

यातले दुसरे लक्षण रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत घातक. माणसाचा नंबर होतो तो येथे. "आजोबा" म्हणजे "सतरा नंबर" होतात. परिचारिका निर्दय झालेली नसते. तिचे मन स्वतःला वाचवण्यासाठी दार लोटून घेते. पण परिचर्येचा प्राण आहे लक्ष. रुग्णाचा श्वास बदलला, ओठ सुकले, नेहमी बोलणारा आज गप्प आहे, हे टिपणे. थकवा सर्वांत आधी हे टिपणेच खातो. इंजेक्शन वेळेवर दिले जाते, कारण ते तक्त्यावर लिहिलेले असते. सुटते ते न लिहिलेले. कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, धरून चार पावले चालवणे, दोन शब्द बोलणे. कामाचा बोजा वाढला की परिचर्येतील नेमक्या याच गोष्टी मागे पडतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे.

याचे हिशेबही झाले आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लिंडा एकन आणि त्यांचे सहकारी यांनी दोन लाख बत्तीस हजारांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांची माहिती तपासली. प्रत्येक परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण जास्त असेल, तर शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिकेच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना दिसले. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या अभ्यासातही मृत्यूविषयीचा आकडा पुन्हा ७ टक्के असाच आला. त्याच पेनसिल्वेनियात, जेथे परिचारिकांमध्ये बर्नआउट अधिक तेथे मूत्रमार्गाचे आणि शस्त्रक्रियेच्या जखमेचे संसर्गही अधिक, असे २०१२ च्या पाहणीत आढळले.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत. सर्वसाधारण वॉर्डात शिक्षण-रुग्णालयांसाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका, म्हणजे तीन पाळ्यांत विभागल्यावर एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक. इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, म्हणजे पाळीला पंधरा. माझ्या त्या रात्री अठ्ठावन्न होते.

लक्ष देणे म्हणजे काय, याचा थोर नमुना आपल्या मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, सुमारे ४२ वर्षे, त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी पिढ्या बदलल्या तरी त्यांची अशी काळजी घेतली की त्यांना शय्याव्रण झाले नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात या शुश्रूषेचे मनापासून कौतुक केले. मी ती हकिकत वाचते तेव्हा अभिमानाने ऊर भरून येतो. पण लगेच एक विचारही येतो. अशी माया प्रत्येक खाटेपर्यंत पोहोचायची असेल, तर ती परिचारिकेच्या त्यागावर सोपवून चालेल का?

दाराबाहेरचा फळा

संग्रहालय पाहिल्यानंतर तीन दिवसांनी एक वेगळाच योग आला. मुलाच्या शेजारी राहणारे एक मराठी काका न्युमोनियाने घराजवळच्या रुग्णालयात दाखल झाले होते. मी त्यांना भेटायला गेले. वॉर्डाच्या दाराबाहेर एक फळा लावलेला होता. त्यावर त्या पाळीत किती परिचारिका असायला हव्यात आणि प्रत्यक्षात किती हजर आहेत, हे लिहिलेले होते. त्या दिवशी पाच हव्या होत्या आणि चार होत्या. येणारा-जाणारा कुणीही ते वाचू शकत होता. चौतीस वर्षांत असा फळा मी पाहिला नव्हता.

हा फळा सहजासहजी आलेला नाही. इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथील रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची भयंकर हेळसांड झाली. खर्च वाचवण्यासाठी कर्मचारी कमी केले गेले. रुग्णांच्या घंटेला उत्तर मिळेना, पाणी हाताशी नसे, मळलेल्या चादरी तशाच राहत. मृतांच्या नातेवाइकांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि चौकशी झाली. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा २०१३ मधला अहवाल २९० शिफारशींचा आहे. त्यानंतर इंग्लंडमधील रुग्णालयांनी वॉर्डातील कर्मचाऱ्यांची संख्या जाहीर करावी, असे ठरले. दिवसपाळीत एका परिचारिकेकडे आठांहून अधिक रुग्ण असतील तर धोका वाढतो, हे २०१४ च्या अधिकृत मार्गदर्शनात नमूद झाले.

काकांची परिचारिका केरळची होती, कोट्टायमजवळची. मीही सिस्टर होते हे कळताच तिचा चेहरा उजळला. चहाच्या सुट्टीत ती माझ्याशी हिंदीत बोलत बसली. मी विचारले, "झेपतं का?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "चांगल्या दिवशी मी सगळ्यांची नावं घेऊन बोलते. वाईट दिवशी मी रुग्णाच्या डोळ्यांत बघत नाही. बघितलं, की ते काहीतरी मागतात. आणि माझ्याकडे द्यायला वेळ नसतो."

मला माझी ती रात्र आठवली. लांबूनच "झोपा आता" म्हणणारी मी. जवळजवळ तीस वर्षांत जे कुणाला सांगितले नव्हते, माझ्या यजमानांनाही नाही, ते मी त्या मुलीला सांगितले. तो ९२ चा आकडासुद्धा. तिने सांत्वन केले नाही आणि दोषही दिला नाही. "आजोबा वाचले ना?" एवढेच तिने विचारले. मी मान हलवली. तेवढ्यात कुठल्याशा खाटेची घंटा वाजली. कप तसाच ठेवून ती उठली आणि गेली.

लाल बदामांची भिंत

परतीच्या आदल्या संध्याकाळी मी मुलाला म्हणाले, "पुन्हा एकदा सेंट थॉमसला जाऊ." या वेळी संग्रहालयाकडे न जाता आम्ही नदीकाठच्या पायवाटेने निघालो. रुग्णालयाच्या बागेत मेरी सीकोल यांचा पुतळा आहे, २०१६ मध्ये उभारलेला. जमैकाची ही स्त्री लंडनमध्ये नकार मिळाल्यावर स्वतःच्या खर्चाने क्रिमियाला गेली होती.

खाली रुग्णालयाची नदीकडची भिंत सुमारे अर्धा किलोमीटर लांब आहे. तिच्यावर लाल रंगाचे हाताने काढलेले बदाम आहेत. कोविडने गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक. २०२१ च्या मार्चमध्ये ही भिंत रंगवायला सुरुवात झाली आणि आज त्यांची संख्या दोन लाखांच्या पुढे आहे. कुणी बदामात नाव लिहिले आहे, कुणी नुसते "आई". ऊनपावसाने रंग फिका होतो, तसे स्वयंसेवक तो पुन्हा भरतात. भिंतीच्या या बाजूला नदी आणि पलीकडच्या तीरावर संसद. भिंतीच्या मागे ते वॉर्ड, जिथे यातली काही माणसे परिचारिकेचा हात धरून गेली असतील.

२०२० च्या एप्रिलमध्ये खुद्द देशाचे पंतप्रधान कोविडने याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते. बरे झाल्यावर, रात्रभर उशाशी राहिलेल्या दोघांचे त्यांनी नाव घेऊन आभार मानले. त्यात न्यूझीलंडची एक परिचारिका होती. साऱ्या देशाने दर गुरुवारी दारात उभे राहून टाळ्या वाजवल्या, जशा आपण मार्चमध्ये थाळ्या वाजवल्या होत्या. एका वर्षाने त्या न्यूझीलंडच्या परिचारिकेने राजीनामा दिला. आमच्या पेशाला मिळायला हवा तो मान आणि मोबदला मिळत नाही, असे तिने जाहीरपणे सांगितले. १५ डिसेंबर २०२२ रोजी रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या संघटनेने आपल्या १०६ वर्षांच्या इतिहासातील सर्वांत मोठा संप केला. त्या दिवशी सेंट थॉमसच्या दारातही परिचारिका फलक घेऊन उभ्या होत्या. त्यांचे म्हणणे केवळ पगाराचे नव्हते. माणसे कमी पडली की रुग्ण धोक्यात येतात, हे त्या सांगत होत्या.

उपाय अज्ञात नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये ठराविक रुग्णालयांत दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका, असे प्रमाण बंधनकारक केले. २०२१ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले, रुग्णालयातील मुक्कामही कमी झाला. वाचलेला खर्च हा जादा परिचारिकांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक भरला.

आपल्या घरापुरते

वाचकहो, कायदे आणि नेमणुका आपल्या हाती नाहीत. पण रुग्णाचे नातेवाईक म्हणून आपण प्रत्येकजण कधी ना कधी त्या वॉर्डात उभे राहणार आहोत. खाटेच्या दोन्ही बाजू पाहिलेली एक सिस्टर म्हणून काही गोष्टी सांगते.

रुग्णालय निवडायला वेळ असेल, तर खोलीचे भाडे आणि डॉक्टरांचे नाव यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. "रात्रपाळीत एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात?" हा प्रश्न अनेकांनी विचारला, तर व्यवस्थापनाला त्याचे उत्तर शोधावे लागेल.

पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना 'ओव्हर' देतात, म्हणजे प्रत्येक रुग्णाची हकिकत सोपवतात. तेवढा वेळ त्यांना बोलावू नका. त्या अर्ध्या तासात सुटलेली एक गोष्ट रात्री महागात पडते. घरातून एकानेच सिस्टरशी बोलावे आणि इतरांना कळवावे. पाणी हाताशी ठेवणे, तोंड पुसणे, कूस बदलायला मदत करणे ही कामे सिस्टरला विचारून, तिच्याकडून शिकून करा. तिचा वेळ वाचेल आणि तुमच्या माणसाला तुमचा हात मिळेल.

मात्र रुग्ण वेगळा वाटला, फार तहान, घाम, घाबरणे किंवा अचानक गुंगी दिसली, तर संकोच धरू नका. खाटेपाशी बोलावून दाखवा. "सिस्टर, यांची नाडी एकदा बघता का?" हे वाक्य कुणी त्या रात्री मला म्हणाले असते, तर मी उठले असते.

आणि तुमच्या घरात कुणी सिस्टर असेल, तर रात्रपाळीनंतरची तिची झोप तोडू नका. ती गप्प राहू लागली, रुग्णांविषयी तुसडेपणाने बोलू लागली, आवडते काम नकोसे वाटते म्हणू लागली, तर तिला "सेवाधर्म" आठवून देऊ नका. तिला रजा, विश्रांती आणि गरज वाटल्यास समुपदेशक मिळेल असे पाहा.

अंधार पडायला वेळ होता. मे महिन्यात तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आठच्या सुमाराला रुग्णालयाच्या दारातून दिवसपाळीच्या परिचारिका बाहेर पडू लागल्या. गळ्यात ओळखपत्रे, पाठीला पिशव्या, चालीत तो बारा तासांचा जडपणा. कुणी फोनवर बोलत होती, कुणी नुसतीच पुलाकडे चालत होती. एक मुलगी कठड्याला टेकून उभी राहिली आणि तिने बूट काढून टाच चोळली. मुलाने विचारले, "आई, फोटो काढायचा का? बिग बेन छान दिसतंय."

मी नको म्हणाले. त्या मुलीला जायला वाट करून दिली आणि तिच्या मागोमाग आम्हीही पूल उतरू लागलो. मुलाला मी त्या सतरा नंबरच्या आजोबांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्या रात्री घरी झोपलेला दोन वर्षांचा मुलगा तोच होता.